‘टू सर, विथ लव्ह’ : प्रेमाची किंमत कोणी मोजली?

बारावीची परीक्षा जवळ आली की मानकोलीतल्या आमच्या वस्तीच्या बुद्धविहारात संध्याकाळी पोरं जमतात. घरात जागा नसते, शेजारचा टीव्ही थांबत नाही, म्हणून विहार. मुंबई-नाशिक हायवेच्या दोन्ही अंगांना गोडाऊनच्या रांगा आहेत. यातली बरीच पोरं कॉलेज करून तिथे पॅकिंगला, स्कॅनिंगला, लोडिंगला जातात. रात्रपाळी असली की एखादा वही उशाला घेऊन विहारातच तासभर डोळा लावतो आणि तिथूनच कामावर निघतो.

परवा इंग्रजीच्या पेपरचा विषय निघाला. कादंबरीच्या विभागात ‘टू सर, विथ लव्ह’चा उतारा आहे. थीम सांगा, असा प्रश्न येतो, पन्नासएक शब्दांत उत्तर लिहायचं असतं. एका मुलीने गाईड मिटून एका दमात म्हणून दाखवलं : रेशियल डिस्क्रिमिनेशन, लव्ह, डेडिकेशन. आम्ही विचारलं, “हे पुस्तकात कुठे दिसतं?” ती म्हणाली, “दादा, गाईडमध्ये एवढंच दिलंय.” मग थोडं थांबून म्हणाली, “आणि तो वर्णभेद तर तिकडचा ना? आपल्याकडे कुठे आहे?”

ज्या मुलीचा आजा गावकुसाबाहेर वाढला, जिला कॉलेजात आडनाव विचारून पुढचा प्रश्न विचारला जातो, ती म्हणते, आपल्याकडे कुठे आहे! चूक तिची नाही. ‘थीम’ नावाचा शब्द तिच्यापर्यंत पाठ करायची वस्तू म्हणूनच पोचला. विषमता लंडनला होती, एका चांगल्या शिक्षकाने प्रेमाने ती संपवली, चार मार्क मिळाले, विषय बंद. आम्हाला या लेखात एवढंच मांडायचं आहे की थीम पाठ करायची नसते, ती पानापानांतून शोधत जायची असते. तशी शोधली तर याच कादंबरीत आपल्या चळवळीचा एक जुना वाद उभा दिसतो.

ही कादंबरी आपल्याला परकी नाही

ई. आर. ब्रेथवेट हे लेखक १९१२ साली ब्रिटिश गयानात जन्मले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात होते. केंब्रिजला भौतिकशास्त्र शिकले. युद्ध संपल्यावर इंजिनिअरची नोकरी शोधायला निघाले, तेव्हा कागदावर पात्र ठरलेला माणूस प्रत्यक्ष समोर येताच अपात्र ठरू लागला. एका कंपनीत तर, ही जागा घेतली तर आमच्या इंग्रज माणसांवर तुम्ही वरिष्ठ व्हाल, म्हणून देता येत नाही, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. शेवटी लंडनच्या ईस्ट एंडमधल्या गरीब वस्तीतल्या शाळेत ते शिक्षक झाले. त्या अनुभवावर १९५९ साली ही आत्मकथनात्मक कादंबरी आली. १९६७ साली सिडनी पॉइटिएला घेऊन तिच्यावर सिनेमा निघाला.

परदेशात शिकून आलेला, पदव्या असलेला माणूस, आणि नोकरीच्या दारात त्याची जात आडवी येते. बडोद्याचे बाबासाहेब आठवल्याशिवाय हे वाचताच येत नाही. आणि हा धागा आम्ही ओढूनताणून जोडत नाही. जोतिरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामगिरी मोडणाऱ्या लोकांना. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉईस यांना पत्र लिहिलं, तेही काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे करायच्या अर्जाची माहिती घेण्यासाठी. १९७२ साली आपल्या पोरांनी संघटनेला नाव दिलं दलित पँथर. आपले पूर्वज हे साहित्य, हे लढे ‘तिकडचे’ म्हणून वाचत नव्हते. आपण का वाचावे?

दुसरं साम्य अजून जवळचं आहे. कादंबरीतला वर्ग शाळेच्या शेवटच्या वर्षाचा आहे. पोरं पंधराच्या आसपासची. शाळा सुटली की पुढचं शिक्षण नाही, थेट काम. म्हणजे ही घडणीची कादंबरी आहे, मूल मोठं होतं त्या वळणाची. मानकोली नाक्यावर सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत उभी राहणारी सतरा-अठरा वर्षांची पोरं पाहिली की तो वर्ग आम्हाला ओळखीचा वाटतो.

विषय वेगळा, थीम वेगळी

गाईडचा पहिला घोटाळा इथेच होतो. ‘वर्णभेद’ हा विषय झाला. एका शब्दात सांगता येतो तो विषय. त्या विषयाबद्दल पुस्तक काय म्हणतं, ते पूर्ण वाक्यात सांगावं लागतं, ती थीम. ‘जात’ हा विषय आहे. ‘जात शिक्षणाने आपोआप जाते’ ही एक थीम. ‘माणूस कितीही शिकला तरी जात त्याच्या आधी दारात पोचते’ ही दुसरी. दोन्ही पुस्तकांचा विषय एकच असू शकतो आणि दोन्ही एकमेकांच्या विरोधात उभी राहू शकतात.

म्हणून आम्ही पोरांना वहीत तीन रकाने आखायला सांगितले. पहिल्यात पान, दुसऱ्यात काय घडलं, तिसऱ्यात किंमत कोणी मोजली. पूर्ण कादंबरी मिळवली, आठवड्याला दोन प्रकरणं वाचली, डिक्शनरी मोबाईलवर. जिथे जिथे रंगाचा प्रश्न येतो तिथे रकाना भरायचा. महिनाभरात वही बोलू लागली. त्यातल्या चार जागा इथे मांडतो.

पहिली, सुरुवातीचा बसचा प्रसंग. कामकरी बायकांनी भरलेली बस आहे. त्या बायका ब्रेथवेटशी हसूनखेळून आहेत. पुढे एक नीटनेटकी बाई चढते. त्यांच्या शेजारची जागा रिकामी असून ती उभी राहते. वातावरण बिघडतं आणि ब्रेथवेट आपल्या थांब्याआधीच उतरून जातात. तिसरा रकाना : अपमान करणारी बाई बसमध्ये राहिली, अपमान झालेला माणूस पायी गेला.

दुसरी जागा व्यायामाच्या तासाची. एका जाड मुलाला शिक्षक जबरदस्तीने उडी मारायला लावतात, तो पडतो. पॉटर नावाचा मुलगा तुटलेला तुकडा हातात घेऊन त्या शिक्षकावर चालून जातो. ब्रेथवेट पॉटरला माफी मागायला सांगतात. वर्ग चिडतो, कारण चूक शिक्षकाची होती. तेव्हा सील्स हा मिश्र वंशाचा मुलगा उसळून बोलतो. त्याचा रोख असा की सर, तुम्हाला कुणी ढकलत नाही, म्हणून तुम्हाला हे सोपं वाटतं. ब्रेथवेट सांगतात की मलाही आयुष्यभर ढकललं गेलंय, त्या माणसांना दुखवावं असं मलाही वाटलं, पण मी स्वतःला आवरायला शिकलो. आणि पॉटर माफी मागतो. गाईड इथे लिहितं ‘सेल्फ कंट्रोल’. आमच्या रात्रपाळीवाल्या पोराने तिसऱ्या रकान्यात लिहिलं : “ज्याने चूक केली त्याला कुणीच शिकवलं नाही.” गोडाऊनमध्ये सुपरवायझरची शिवी ऐकून गप्प राहिलेल्या पोराला हे वाक्य कुठल्या गाईडमधून उतरवावं लागलं नाही.

तिसरी जागा हॉटेलातली. ब्रेथवेट आणि त्यांच्यासोबत काम करणारी गोरी शिक्षिका जिलियन जेवायला जातात. वेटर मुद्दाम तुसडेपणा करतो. ब्रेथवेट गिळतात. बाहेर पडल्यावर जिलियन त्यांच्यावरच भडकते : तू नुसता बसून का राहिलास? आम्हाला ही पूर्ण कादंबरीतली सर्वांत महत्त्वाची जागा वाटते. कारण इथे पुस्तक स्वतःलाच प्रश्न विचारतं. सहन करणं हा मोठेपणा आहे की नाईलाज? पण ज्याला असा प्रश्न विचारला जातो त्याच्याकडे त्या क्षणी कायदा नाही, संघटना नाही, पाठीशी उभं राहणारं कोणी नाही, हेही आपण विसरू नये. ब्रेथवेटना भेकड म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपला आजा पाटलाच्या वाड्यासमोर चपला हातात घेऊन गेला असेल, म्हणून तो भेकड होता काय?

चौथी जागा सील्सच्या आईच्या अंत्ययात्रेची. पोरं वर्गणी काढून फुलं आणतात, पण ती सील्सच्या घरी पोचवायला तयार होत नाहीत. रंगीत माणसाच्या घरात आपण गेलो तर लोक काय म्हणतील! ब्रेथवेट मनातून मोडतात. एवढं शिकवून शेवटी हेच? पण अंत्ययात्रेच्या दिवशी ते पोचतात तर पूर्ण वर्ग तिथे उभा असतो. वाचताना आमच्या पोरींच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्याही आलं. ते खोटं म्हणायचं नाही. पण वही उघडली तेव्हा एका मुलीने विचारलं, “दादा, सगळे आले ते बरं झालं. पण सील्सला काय वाटलं, ते कुठे लिहिलंय?”

हृदयपरिवर्तन की हक्क?

आता चारही जागा एका रेषेत ठेवा. प्रत्येक वेळी अन्याय सोसणारा संयम पाळतो. त्याच्या संयमाने, चांगुलपणाने, स्वच्छ कपड्यांनी, उत्तम इंग्रजीने समोरचा हळूहळू बदलतो. थोडक्यात, पुस्तकाची थीम गाईडच्या ‘लव्ह’ या एका शब्दात बसत नाही. ती अशी आहे : सोसणाऱ्याने मोठं मन ठेवलं तर भेद करणाऱ्याचं मन बदलतं.

हे वाक्य आपण कुठे ऐकलंय? शंभर वर्षं ऐकतोय. सवर्णांचं हृदयपरिवर्तन होऊ द्या, तोवर धीर धरा, स्वच्छ राहा, चांगले वागा. बाबासाहेबांचा गांधीजींशी झालेला वाद याच मुद्द्याभोवती होता. हृदयपरिवर्तन होणार असेल तर आनंदच आहे. पण माझं माणूसपण दुसऱ्याच्या हृदयाच्या वेळापत्रकावर का अवलंबून असावं?

बाबासाहेबांचं स्वतःचं लहानपण आपण याच तीन रकान्यांत मांडून पाहू. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे त्यांचं छोटं आत्मकथन १९३५-३६च्या सुमाराचं, मूळ इंग्रजीतलं, पुस्तकरूपात आलं १९९० साली. त्यात १९०१च्या सुमाराचा प्रवास आहे. साताऱ्याहून पोरं वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली, मसूर स्टेशनवर उतरलेली. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो. गाडीवान दुप्पट पैसे घेतो, पण गाडी पोरांनीच हाकायची. जेवण सोबत भरपूर आणि पाणी द्यायला कोणी तयार नाही. शाळेतही तेच, शिपाई असेल तर पाणी, नसेल तर नाही. आणि १९३४ साली, तोवर देशाचे नेते झालेल्या बाबासाहेबांना दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्यावरूनच घेरलं जातं.

पाणी, पाणी आणि पाणी. यालाच थीम शोधणं म्हणतात. एका पुस्तकात एक गोष्ट पुन्हा पुन्हा परत येते आणि प्रत्येक वेळी तिचा अर्थ वाढतो. पण या पाण्याचा एक टप्पा पुस्तकाबाहेर आहे. २० मार्च १९२७, महाड. तहानलेलं मूल मोठं झालं आणि कोणाच्या हृदयाची वाट न बघता हजारोंना घेऊन तळ्यावर गेलं. पुढे कोर्टकज्जे झाले आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टाने चवदार तळ्याच्या बाजूने, म्हणजे आपल्या बाजूने निकाल दिला. ब्रेथवेटच्या कादंबरीत मूल मोठं होतं म्हणजे दुसऱ्याला माणूस मानायला शिकतं. बाबासाहेबांच्या आत्मकथनातलं मूल मोठं होतं म्हणजे स्वतःचा हक्क घ्यायला शिकतं. दोन्ही घडणी खऱ्या आहेत. पण पहिली घडण भेद करणाऱ्याच्या मुलाची आहे. आपल्या मुलांना फक्त तीच शिकवली, तर ती आयुष्यभर दुसऱ्याच्या मोठं होण्याची वाट बघत बसतील.

‘तुम्ही त्यातले वाटत नाही’

ब्रेथवेटच्याच आयुष्यात याचा पुरावा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीत त्यांच्या पुस्तकांवर बंदी होती. १९७३ साली ती उठली आणि त्यांना तिथे जाता आलं. तिथल्या सरकारने त्यांना काय दर्जा दिला? ‘ऑनररी व्हाइट’, म्हणजे मानद गोरा! बाकीच्या काळ्यांना पासशिवाय फिरता येत नाही आणि यांना गोऱ्यांच्या हॉटेलात खोली. त्यावर त्यांनी १९७५ साली याच नावाचं पुस्तक लिहिलं.

मित्रांनो, मानद गोरेपणाचं आपल्याकडचं भाषांतर तुम्हाला माहीत आहे. “अरे, तू त्यातला वाटत नाहीस!” “तुमची भाषा किती शुद्ध आहे हो!” ऑफिसात, कॉलेजात, भाड्याचं घर बघताना हे वाक्य कौतुक म्हणून येतं. एकाला सूट देऊन पूर्ण भिंत शाबूत ठेवायची, ही त्याची रीत. चांगुलपणाने मन जिंकण्याची थीम शेवटी इथे येऊन थांबते. अपवाद जिंकतो, समूह बाहेरच राहतो. ब्रेथवेटनी ती कोंडी स्वतः लिहून ठेवली, हा त्यांचा प्रामाणिकपणा. गाईडच्या तीन शब्दांत त्यातलं काहीच पोचत नाही.

सील्सचं पुस्तक आपण लिहिलं

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. सील्सला काय वाटलं? त्या वर्गातला रंगाचा मार खाणारा मुलगा तो, आई त्याची गेलेली, पण कथा त्याच्या तोंडून येत नाही. तो प्रसंग बाकीच्या वर्गाच्या परिवर्तनाचा होतो.

तो मुलगा आपल्याकडे स्वतः बोलला. शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ १९८४ साली आलं. वडील पाटील, आई महार, आणि मूल दोन्हीकडून अर्धवट ठरवलेलं. सील्सने लिहिलं असतं तर कदाचित असंच काही लिहिलं असतं. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८चं, लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ १९८०चं, बेबीताई कांबळेंचं ‘जिणं आमुचं’, उर्मिला पवारांचं ‘आयदान’. ही सगळी घडणीचीच पुस्तकं आहेत. ‘बलुतं’, ‘अक्करमाशी’, ‘जिणं आमुचं’, ‘आयदान’ यांचे इंग्रजी अनुवादही आहेत. म्हणजे इंग्रजीच्या वर्गात ती वाचायला भाषेची अडचण नाही. अडचण दुसरीच आहे. लंडनचा वर्णभेद वर्गात चर्चेला घेणं सुरक्षित असतं, तिथे कुणाचीच मान खाली जात नाही. ‘अक्करमाशी’ घेतलं तर वर्गातल्या बाकांकडे बघावं लागतं.

म्हणून ‘टू सर, विथ लव्ह’ काढून टाका, असं आम्ही म्हणत नाही. उलट ते पुस्तक बारावीच्या पोरांसमोर आलं याचा आम्हाला आनंद आहे. फक्त त्याच्या शेजारी आपलं एक पुस्तक ठेवा आणि दोन्हींत तेच तीन रकाने भरा.

दोन आक्षेप

आमच्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतील, असल्या कादंबऱ्यांत वेळ कशाला घालवायचा, पोरांना थेट बाबासाहेब वाचायला द्या. द्याच. पण बाबासाहेबांचं ग्रंथालय आठवा. ज्याच्याशी वाद घालायचा ते आधी मुळातून वाचायचं, ही सवय आपल्याला त्यांच्याकडूनच मिळाली. जो कादंबरीत दडलेली थीम पकडू शकतो, तोच उद्या सिनेमात, बातमीत, नेत्याच्या भाषणात दडलेली थीम पकडेल. ‘समरसता’ या गोड शब्दामागे कोणाला गप्प राहायला सांगितलंय, हे त्याला कळेल.

दुसरा आक्षेप पालकांचा आणि शिक्षकांचा : असं लिहिलं तर मार्क जातील. मार्क आपल्यालाही हवेत, ते कोणी सोडा म्हणत नाही. पण वहीत प्रसंग नोंदवलेला विद्यार्थी उत्तर अधिक चांगलं लिहितो, हा आमचा अनुभव आहे. “वर्णभेद ही थीम आहे” या कोरड्या वाक्यापेक्षा प्रसंगाचं नाव घेऊन, संयमाचा भार भेद सोसणाऱ्यावरच पडतो असं कादंबरीत दिसतं, हे लिहिणं पन्नास शब्दांत सहज बसतं. ते मजकुराला धरून आहे. इंग्रजी साधी ठेवा, वाक्यं लहान ठेवा, पण म्हणणं स्वतःचं ठेवा. १८५५ साली जोतिराव-सावित्रीमाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ती शाळकरी मुलगी होती. तिने कुठल्या गाईडची वाट पाहिली होती?

आता काय करायचं?

कादंबरीत एक सुंदर प्रथा आहे. दर आठवड्याला मुलांनी आढावा लिहायचा. शाळेबद्दल, शिक्षकांबद्दल, जे वाटेल ते, आणि त्यासाठी शिक्षा नाही. आम्ही ती विहारात सुरू केली. रविवारी वंदना झाली की पंधरा मिनिटं प्रत्येकाने लिहायचं. मराठीत, इंग्रजीत, मोडक्या इंग्रजीतही चालेल. पहिल्या रविवारी आमच्यावरच टीका आली की दादा, तुम्ही फार बोलता, आम्हाला बोलू देत नाही. आम्ही ती मोठ्याने वाचून दाखवली आणि गप्प बसलो.

तुमच्या वस्तीत, हॉस्टेलवर, अभ्यासिकेत हे करता येईल. एक कादंबरी, एक आपलं आत्मकथन, तीन रकान्यांची वही, आठवड्याला एक बैठक. खर्च फार तर दोन पुस्तकांचा, तोही वर्गणीतून निघतो. जयंतीच्या डीजेसाठी जेवढी धावपळ करतो, तिच्या दहाव्या हिश्शात हे उभं राहतं.

ज्या मुलीने ‘वर्णभेद तर तिकडचा’ म्हटलं होतं, तिने परवाच्या आढाव्यात अर्धं पान इंग्रजी लिहिलं. कॉलेजात पहिल्या दिवशी आडनाव विचारणाऱ्याबद्दल होतं. स्पेलिंगच्या चुका होत्या, त्या आम्ही दुरुस्त केल्या. कागदाच्या कडेला तिने स्वतःच तिसरा रकाना आखला होता, किंमत कोणी मोजली. त्यात तिने लिहिलं होतं : आतापर्यंत मी.

जय भीम!